वाचकांचे प्रश्न : गोलफरक आधी की आपसातली लढत?

प्रश्न : नोव्हेंबर 2025 मध्ये अहमदाबादला 17 वर्षांखालील आशियाई फुटबॉल चषकाच्या पात्रता फेरीत इराणविरुद्ध भारताला विजयच हवा होता, असे का? शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आम्ही वहीत गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) मांडत होतो. त्याचा काही उपयोग होता का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वही चुकीच्या पानावर उघडली होती, एवढेच. आशियाई महासंघाच्या नियमांनुसार दोन संघांचे गुण समान झाले, तर सर्वप्रथम त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल पाहिला जातो आणि तिथेही तोड निघाली नाही, तरच संपूर्ण गटातला गोलफरक मोजला जातो. त्यामुळे दुबळ्या संघावर केलेली गोलांची बरसात ऐनवेळी कामी येईलच असे नाही. शिवाय या खेपेस नऊ संघांना थेट प्रवेश होता आणि सात गटांतून प्रत्येकी केवळ अव्वल संघच पुढे जाणार होता. इराण गुणांत पुढे असल्याने त्याला बरोबरीही पुरेशी होती. भारताने 2-1 असा विजय मिळवून गुणांत बरोबरी साधली आणि आपसातल्या याच निकालावर गट जिंकला.

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलपटू अनिकेत जाधवचा 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक आठवून कोल्हापूरकर हा हिशेब विसरतात, हेही स्वाभाविकच. तेव्हा भारत यजमान होता आणि यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. आता मात्र आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली, तरच विश्वचषकाचे दार उघडते.