‘कापूस’ला यमक हवंय

यावलकडच्या एका गीतकार मित्राचा प्रश्न: ‘वेचून वेचून थकली माय, तरी सरेना कापूस’ अशी ओळ सुचली आहे, पण ‘कापूस’ला ‘पाऊस’ सोडून दुसरं यमक सापडत नाही.

‘माणूस’, ‘ऊस’, ‘विचारपूस’ आहेत. त्यातला ‘विचारपूस’ मला आवडतो. भाव विचारायला सगळे येतात, विचारपूस करायला कुणी येत नाही, असा अर्थ त्यातून काढता येईल.

पण शब्द मूळ रूपातच ठेवायचा हट्ट कशाला? त्याला विभक्ती लावून पाहा. ‘कापूस’चं सामान्यरूप होताना मधला ऊ जातो: कापसात, पावसात, माणसात. मग एरवी ‘कापूस’शी न जुळणारा ‘दिवस’ही रांगेत येऊन बसतो.

हात रुतले कापसात,
बोंड भिजलं पावसात,
सारं गेलं दोन दिवसात.

‘ऊस’ मात्र इथे गळतो, कारण त्याचं ‘उसात’ होतं.

दुसरी वाट ‘कपाशी’ची. आपल्याकडे लावतात ती कपाशी आणि वेचतात तो कापूस, त्यामुळे ओळीत उभं पीक असेल तरच हा शब्द घ्या. घेतलात तर ‘उपाशी’ आणि ‘तुपाशी’ दोन्ही हाताशी आहेत. ‘रानात फुटली कपाशी, वेचणारी माय उपाशी.’ इथे ‘पाशी’ अख्खं जुळतं, म्हणून कान लगेच पकडतो.

इतकं जुळायलाच हवं असंही नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) मनावरच्या ओव्यांत ‘ढोर’ला ‘पिकावर’ जोडलं आहे. जुळतो तो फक्त शेवटचा र, तरी ओवी म्हणताना कुठे अडखळायला होत नाही. जात्यावरच्या चालीला तेवढं पुरतं. ठेक्यावरच्या गाण्यात, जिथे ओळ संपली की ढोलकी थाप देते, तिथे मला स्वराची जुळणीही लागते.

आता तुमची ओळ. ‘कापूस’ स वर बंद होतो, गायकाला तो लांबवता येत नाही. ‘माय’ लांबवता येतो. मग ओळ उलटी करा, ‘माय’ शेवटी आणा. पाय, साय, हाय हे तर झालेच. शिवाय गाणं तुम्ही घरच्या बोलीत लिहिताय, आणि आपल्या खानदेशी बोलीत ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. म्हणून प्रमाण मराठीत कधीच जुळणार नाही ते इथे जुळतं:

सरेना कापूस, थकली माय,
डोक्यावर तापलं आभाय.

एकच सांभाळा. खाली ‘आभाय’ म्हणायचं आणि पुढच्या कडव्यात ‘आभाळ’, असं करू नका. पहिल्या ओळीपासूनच गाणं बोलीत हवं.