गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे पाठवतात त्या 'कोन्सुआद'मध्ये काय काय असतं?

घरी केलेल्या गोडाचं ताट असतं ते. दोदोल (गूळ-नारळाचा हलवा), नेवऱ्या, कुलकुल, बेबिंका, पेरूची 'पेराद' (वडी), नारळाची बोलिन्यं (बिस्किटं). कोन्सुआद हा शब्द पोर्तुगीज. तिकडे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तो वापरतात. पदार्थांत मात्र नारळ आणि गूळ आपल्याच मातीतला. नेवरी म्हणजे आपली करंजीच की!

मला सगळ्यात आवडतात ते कुलकुल. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबायची आणि अलगद गुंडाळायची. रेघा उमटलेली छोटी शिंपलीच तयार होते, मग तळायची. एकट्याचं हे काम नव्हेच, पोरासोरांसकट अख्खं घर टेबलाभोवती बसतं.

बेबिंका फार वेळखाऊ. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा. एक थर वरून निखाऱ्याची धग देऊन भाजला की त्यावर तूप, मग पुढचा थर. पारंपरिक बेबिंका सात थरांची.

ताट हिंदू शेजाऱ्यांकडेही जातं, आणि चवथीला-दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. गोव्यात कुणी ओळखीचं असेल तर दुकानातली बेबिंका घेण्याआधी घरची एकदा जरूर चाखा.