तिथं तुमच्याबरोबर काम कोण करणार?

प्रश्न : मी एकतीस वर्षांची आहे. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली. आता एका संस्थेनं आफ्रिकेतल्या एका देशात, ग्रामीण महिलांच्या बचत गटांसोबत वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करायला बोलावलं आहे. निघायला चार महिने आहेत. लसी, व्हिसा, भाषा, प्रशिक्षण, सगळं एकदम समोर आलंय. ताई, सुरुवात कुठून करू?

उत्तर : एका नावापासून करा. तिथं रोज तुमच्याबरोबर असणारी स्थानिक कार्यकर्ती कोण, हे संस्थेला आजच विचारा आणि तिच्याशी फोनवर बोला. गट किती जुने आहेत, गेल्या वर्षी काय अडलं, तुमच्याकडून तिला नेमकं काय हवं आहे, हे तिच्याच तोंडून ऐका. संस्थेच्या पत्रकात ‘महिला सक्षमीकरण’ असं लिहिलेलं असेल. ती कदाचित सांगेल, की चार गटांच्या वह्या जुळत नाहीत आणि एका गटात कर्ज थकलंय. तयारी त्या वह्यांची आणि त्या थकलेल्या कर्जाची करायची. असं एकही नाव संस्थेला सांगता येत नसेल, तर जाऊ नका. मी अशा कामात बरीच वर्षं काढली आहेत, आणि या एका बाबतीत मी सवलत देत नाही. तुम्ही परतल्यावर काम चालवणारं माणूस आधीपासून तिथं असायलाच हवं.

आता गटांविषयी. आफ्रिकेत आज दिसणाऱ्या बऱ्याच बचत गटांची पद्धत 1991 साली नायजर देशात ‘केअर’ या संस्थेच्या कामातून पुढे आली. साधारण 15 ते 25 जणी, एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं. किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे. पैसे सगळ्यांच्या देखत मोजायचे, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं, व्याज गटानंच ठरवायचं आणि गटाचं वर्ष पूर्ण झालं की सगळं वाटून घ्यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आपली बचत कळावी म्हणून पासबुकात शिक्के मारतात. बैठक संपताना शिल्लक सगळ्या मिळून पाठ करतात आणि पुढच्या वेळी पैसे मोजण्याआधी ती बोलून दाखवतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार भारावले होते. हिशेब इतका उघड्यावर ठेवणारी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. बँकेच्या सवयीनं तुम्हाला सगळं लॅपटॉपवर घ्यावंसं वाटेल. घेऊ नका. हिशेब तुमच्या लॅपटॉपवर गेला, की तो त्या बायकांच्या नजरेआड गेला. त्यांना तुमचा उपयोग वेगळा आहे : कर्ज देताना परतफेडीची ताकद कशी जोखायची, थकबाकीदार बाईशी तिचा अपमान न करता कसं बोलायचं. हे तुम्ही काउंटरपलीकडून शिकला आहात. वाटप कोणत्या महिन्यात होतं, तेही विचारून घ्या. पेरणी किंवा शाळेची फी जवळ आली की अनेक गट वाटप करतात. तुमचं वर्ष त्याच्या महिनाभर आधी संपत असेल, तर तारखा बदलून मागा.

भाषेत आधी आकडे शिका. एक ते हजार, बेरीज, उधारी, व्याज. तिथं सगळं मोठ्यानं मोजलं जातं, त्यामुळे पहिल्याच बैठकीपासून तुम्हाला काहीतरी समजेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर काम करायला संस्था सांगत असेल तर नकार द्या. अनेक देशांत बिनपगारी कामालाही परवाना लागतो. करार लेखी हवा. गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, ते वाचून पाहा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस अधिकृत केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, तर परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या, मध्येच सोडू नका.

आणि संस्था तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागत असेल, तर ती कशासाठी, याचा तपशील मागा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 मध्ये स्थापन झाला, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तो परदेशी नेमणुकीवरच्या स्वयंसेवकांना निर्वाहभत्ता देतो.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला दोन आठवडे परदेशातल्या अनाथाश्रमात मुलांना शिकवायला जायचं आहे. त्यालाही अशीच तयारी सांगाल का?

उत्तर : नाही. त्याला जाऊ देऊ नका. जगभर अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपायी मुलं तिथं पोचतात. काही ठिकाणी तर पाहुणे आणि देणग्या याव्यात म्हणून मुलं आणून ठेवली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2019 मध्ये बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेनं होणारं नुकसान रोखायला सांगितलं, ते यामुळेच. तुमचा भाऊ मनानं चांगलाच असणार. पण मूल त्याला बिलगेल तोवर त्याची निघायची वेळ झालेली असेल, आणि त्या मुलाच्या वाट्याला हे महिन्यातून दोनदा येतं. तिकिटाचे पैसे त्यानं मुलांना स्वतःच्या कुटुंबात राहता यावं म्हणून काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेला द्यावेत.