हिस्ट्री जपली, तरी निष्कर्ष जुळेनात

प्रश्न : मी ‘गॅलक्सी’ या जनुकीय डेटा विश्लेषणाच्या वेब प्लॅटफॉर्मच्या सार्वजनिक सर्व्हरवर मानवी डीएनएतील बदल शोधले. माझ्या सहकाऱ्याने तीच साधने त्याच क्रमाने वापरली, तरी त्याच्या यादीतील स्थाने माझ्या यादीशी जुळत नाहीत. हिस्ट्री जतन केलेली असताना वेगळा वर्कफ्लो तयार करायलाच हवा का?

उत्तर : होय, करायला हवा, मात्र पहिला संशय संदर्भ जीनोमवर, म्हणजे नमुना ज्याच्याशी ताडून पाहतात त्या प्रमाण डीएनए क्रमावर जातो. मानवी जीनोमच्या ‘एचजी१९’ आणि ‘एचजी३८’ या दोन्ही आवृत्त्या आजही वापरात आहेत, आणि पहिल्या गुणसूत्राची लांबी एकीत २४,९२,५०,६२१, तर दुसरीत २४,८९,५६,४२२ बेस (डीएनएची अक्षरे) आहे. त्यामुळे एकाच बदलाला दोन आवृत्त्यांमध्ये सहसा निरनिराळे क्रमांक मिळतात. दोघांनीही आपापल्या हिस्ट्रीत मॅपिंगची, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे संदर्भ जीनोमवर बसवण्याची पायरी उघडून कोणता जीनोम निवडला होता, हे आधी पाहावे. साधनाची आवृत्ती आणि पॅरामीटर तिथेच नोंदलेले असतात, तेही ताडून पाहावेत.

हिस्ट्री म्हणजे एका विशिष्ट डेटावर काय काय केले याची नोंद, त्यात फसलेले प्रयत्नही आलेच. वर्कफ्लोत मात्र डेटा बाजूला काढून केवळ कार्यपद्धती उरते, आणि ती नव्या नमुन्यावर जशीच्या तशी चालवता येते. हिस्ट्रीच्या मेनूतून वर्कफ्लो काढण्याची सोय आहे. तो काढताना नको असलेल्या पायऱ्या वगळाव्यात, प्रत्येक इनपुटला अर्थपूर्ण नाव द्यावे आणि संदर्भ जीनोम वर्कफ्लोतच पक्का करावा. चालवणाऱ्याच्या आठवणीवर तो सोपवला, तर आजचीच अडचण पुन्हा उभी राहील.

ज्या पायऱ्या प्लॅटफॉर्मबाहेर होतात, त्यांची मला अधिक काळजी वाटते. यादी उतरवून घेऊन स्प्रेडशीटमध्ये उघडली, हाताने काही ओळी गाळल्या आणि पुन्हा अपलोड केली, तर नेमके काय गाळले हे कोणतीही हिस्ट्री सांगू शकत नाही. शिवाय ‘सेप्ट२’सारख्या जनुकनामाचे स्प्रेडशीट परस्पर तारखेत रूपांतर करते. हा उपद्रव इतका वाढला, की नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. आता ते ‘सेप्टिन२’ झाले आहे. गाळणी आणि वर्गवारी यांसाठी गॅलक्सीतच साधने आहेत, तीच वापरावीत.

सहकाऱ्याला वर्कफ्लो दुव्याने किंवा फाइलच्या रूपात देता येतो. तो दुसऱ्या सर्व्हरवर आयात केल्यास साधनांच्या त्याच आवृत्त्या तिथे आहेत का, हे तपासावे, आणि दोघांनी एकच लहान नमुना चालवून निकाल ताडून पाहावा. तुमचा डेटा रुग्णांचा असेल, तर संमती आणि नैतिक समितीची परवानगी यांशिवाय तो सार्वजनिक सर्व्हरवर ठेवू नये, आणि हिस्ट्रीही खुली करू नये. वर्कफ्लोत रुग्णाचा डेटा नसतो, तो निर्धास्तपणे देता येतो. फक्त पायऱ्यांच्या टिपणांत कुणाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक राहिलेला नाही ना, एवढे एकदा पाहून घ्यावे.