वडिलांच्या लाळग्रंथीच्या गाठीच्या रिपोर्टवर 'मिलान ४ब' लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच का?

नाही, तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. वडिलांच्या कानाखालच्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासल्या, ती एफएनएसी. तिचा रिपोर्ट जगभर एकाच भाषेत लिहिता यावा म्हणून २०१८ मध्ये मिलान पद्धत आली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली.

गट १ म्हणजे नमुना अपुरा, २ म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग, ३ अनिश्चित, ४अ साधी गाठ, ५ कॅन्सरचा संशय, ६ कॅन्सर. ४ब म्हणजे गाठ नक्की आहे, पण साधी की घातक हे सुईच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. नव्या आवृत्तीत ४अ मध्ये कॅन्सरची शक्यता ३ टक्क्यांहून कमी, ४ब मध्ये साधारण २६ टक्के धरली आहे.

हे कोडं पडतं कारण गाठी एकमेकींसारख्या दिसतात. स्लाइडला गिम्सा हा रंग दिला, की प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा या साध्या गाठीतला गडद गुलाबी-जांभळा, तंतुमय पदार्थ पेशींमध्ये विरघळत जातो. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कॅन्सरमध्ये तशाच रंगाच्या पदार्थाचे गोळे रेखीव कडांचे असतात. पण स्लाइडवर नुसत्या पेशीच जास्त असल्या, तर अनुभवी पॅथॉलॉजिस्टही थांबतो, आणि थांबावंच. शिवाय गाठ आवरण फोडून बाहेर गेली का, हे सुईला कळतच नाही.

बहुतेकदा पुढची पायरी ऑपरेशन. चेहऱ्याची नस कानाखालच्या याच लाळग्रंथीतून जाते, म्हणून सर्जन अनुभवी हवा. दुसरं मत घेताना नुसता कागद नको, मूळ स्लाइड्स मागून घ्या.