न आलेल्या मुलाच्या दारात जा

चि. मुली,

तुझं पत्र वाचून आधी पोटात कालवलं आणि मग राग आला. पाड्यावरच्या शाळेचं काम सोडावं का, असं तू विचारलंस, त्या प्रश्नाचा राग नाही. तो प्रश्न या कामात सगळ्यांना पडतो आणि पुन्हा पुन्हा पडतो. राग आला तो एका वाक्याचा. ‘पाड्यावरच्या पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही.’ हे वाक्य मी उभी नोकरी ऐकलं. साहेबांकडून ऐकलं, शिक्षक परिषदांत ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं. ते म्हणणाऱ्याची मोठी सोय होते. एकदा ते म्हणून टाकलं की उठून कुणाच्या दारात जावं लागत नाही.

तू लिहितेस, पटावर नावं भरपूर, वर्गात निम्मीच मुलं. बरं. मग उरलेली कुठे आहेत? एवढ्या लांबलचक पत्रात न आलेल्या एकाही मुलाचं नाव नाही गं! आलेल्यांचं कौतुक आहे, टॅबच्या चार्जिंगची रड आहे, देणगीदारांना पाठवायच्या फोटोंची काळजी आहे. न आलेलं मूल मात्र टक्केवारीत बसलंय.

अनुताई वाघांसारखं काम करायचंय, असंही लिहिलंयस. मग त्यांनी आणि त्यांच्या गुरू ताराबाई मोडकांनी, गरीब आणि आदिवासी मुलांपर्यंत बालशिक्षण नेणाऱ्या या दोघींनी, नेमकं काय केलं ते नीट बघ. ताराबाई १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. त्यांच्या नूतन बाल शिक्षण संघाचं काम १९२६ पासून चालू होतं, नाव झालं होतं, मुंबईत राहून बालशिक्षणावर भाषणं देत बसल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? शंख, शिंपले, बिया, पानं यांवर भागवलं. ती अंगणवाडी. १९७५ मध्ये सरकारी योजनेनं नाव उचललं. ते अंगणातलं बसणं किती ठिकाणी उरलं, यावर मी बोलायला लागलो तर पत्र संपणार नाही.

पुढे १९५७ मध्ये दोघी जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांसाठी. तिथे मोठ्या मुली शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटं भावंड. आईबाप मजुरीला गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ती विकासवाडी. मुलगे येईनात, कारण ते गुरांमागे. मग शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. प्रश्न प्रत्येक वेळी एकच होता: हे मूल का आलं नाही? उत्तर प्रत्येक वेळी निराळं निघालं आणि जसं उत्तर तशी शाळा बदलली. पालकांना महत्त्व पटवून देणारी व्याख्यानं झाली असतीलही, पण कडेवरचं पोर व्याख्यानानं खाली उतरत नाही.

आणि तू दोन वर्षांत थकलीस म्हणतेस. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली बाई. १९८२ मध्ये, ७२ व्या वर्षी त्यांनी शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही शिक्षणसंस्था उभी केली. हे तुला लाजवायला सांगत नाही. (थोडं सांगतोय.)

मला विचारशील, सर, तुम्हाला काय मिळालं? केंद्रप्रमुख व्हायची संधी मी सोडली. माझ्या मागून लागलेले गाडीतून फिरले. घरी अजून टोमणे बसतात. खरी खंत निराळीच आहे. माझ्या स्वतःच्या मुलीला अक्षरओळख तिच्या आईनं करून दिली, मी तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांना शोधत रानोमाळ हिंडत होतो. ती आता मोठी झाली, कधी बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त लागतं. पण तिच्यासाठी आई होती, पुस्तकं होती, वीज होती. त्या पोरांकडे कोण जाणार होतं? बढती घेतली असती तर शाळाशाळांची हजेरी गोळा करत बसलो असतो, आणि हजेरीत न आलेल्या मुलासमोर फक्त एक फुली असते. मी केलं ते बरोबरच केलं. कुणी काहीही म्हणो.

तेव्हा आधी पुस्तकी योजना बाजूला ठेव. रोज शाळा सुटल्यावर न आलेल्या एका मुलाच्या दारात जा. सल्ला द्यायला जाऊ नकोस, जाऊन बस. त्याची आजी काय करतेय ते बघ, पाणी कोण भरतं ते बघ. एखाद्या पोराला वर्गातली भाषाच कळत नसेल आणि तो वारलीत फडाफडा बोलत असेल. एखादीला मुतारीला दार नाही म्हणून यायचं नसेल. प्रत्येकाचं कारण वहीत लिही, पण ‘पालक उदासीन’ हे कारण त्यात कुठेही लिहायचं नाही, एवढी माझी अट समज. कारण सापडलं नाही तर जागा कोरी ठेव आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

मोठी संस्था काढून पन्नास गावांत पोचायचं, हेही तुझ्या डोक्यात आहेच. काढ पुढे. पण एका पाड्यावरची न आलेली पोरं जिला नावानं माहीत नाहीत, तिनं पन्नास गावांची स्वप्नं बघू नयेत.

एक तातडीचं. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं तुझ्या पाड्यावरही असणारच. भट्टीवरच मजुरांच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, भोंगाशाळा चालवणाऱ्यांनी हेच ओळखलं होतं की ही पोरं सहा-सहा महिने गावात नसतात, तेव्हा शाळेनंच त्यांच्यामागे जायचं. मजुरीची आगाऊ उचल बहुतेकांच्या हातात पावसातच पडलेली असते आणि दिवाळी झाली की ट्रक येतो. त्याआधी कोण कुठल्या भट्टीवर जाणार ते घरोघर विचारून लिहून घे. मुख्याध्यापकांच्या मागे लागून प्रत्येकाचं शिक्षण हमी पत्रक भरून घे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसायला त्याला तो कागद दाखवता येईल. ज्यांची आजी मागे राहणार आहे त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आताच द्यायला लाव, नंतर दिलेला कागद टेबलावरच पडून राहतो. यादी झाली की मला पाठव. तिकडच्या भट्ट्यांजवळच्या शाळांत माझे दोन-चार जुने विद्यार्थी शिक्षक आहेत, त्यांना मी फोन करतो.

तुझा,
सर