नातीच्या शाळेतलं न वाजणारं बटण

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी लेक टेक्सासला असते, नात तिसरीत आहे. आता म्हणे तिच्या प्रत्येक वर्गात सायलेंट पॅनिक बटण आलंय, कायदाच आहे तसा. लेक म्हणते चांगलंच आहे की आई, पण माझ्या तर पोटात गोळाच आला. एवढं वाईट चाललंय का तिथे? आणि न वाजणारी घंटा कसली, मुलांना कळणार कसं? – एक आजी

उत्तर : काकू, आधी एक सांगते, बटण लागलं म्हणजे नातीच्या शाळेत काही घडलंय असं अजिबात नाही. टेक्सासनं २०२३ मध्ये कायदा केला, २०२५-२६ पासून सरकारी आणि चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) शाळांच्या प्रत्येक वर्गाला तो लागू आहे, म्हणजे सगळ्यांनाच आलंय ते.

वेगवेगळ्या राज्यांतल्या अशा कायद्यांना 'अलिसाज लॉ' म्हणजे अलिसाचा कायदा म्हणतात. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडात पार्कलँडच्या हायस्कूलमध्ये गोळीबारात १७ जण गेले, त्यात १४ वर्षांची अलिसा अल्हाडेफ होती. तिची आई लोरी, तेव्हापासून ती असा कायदा करा म्हणून एकेका राज्याच्या मागे लागलीय.

आता न वाजणारी का, तर त्याच दिवशी काय झालं बघा. गोळीबाराच्या धुराधुळीनं फायर अलार्म वाजला आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं-शिक्षक आग लागली समजून वर्ग सोडून पॅसेजमध्ये आले, त्यातले काही जण वाचले नाहीत. वर मोबाईलवरून ९११ ला, म्हणजे तिथल्या इमर्जन्सी नंबरला, लावलेले कॉल शेजारच्या कोरल स्प्रिंग्ज शहरात जात होते, तिथून मग शेरीफच्या, म्हणजे पार्कलँडचं काम बघणाऱ्या पोलिसांच्या, ऑफिसला, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगत बसायचं. मला विचाराल तर या कायद्याचा खरा मुद्दा हाच आहे, बंदूक थांबवणं त्या बटणाच्या हातात नाही, पण हा मधला वेळ वाचतो. बटण दाबलं की मेसेज थेट पोलिसांकडे जातो, आणि बऱ्याच सिस्टिममध्ये बाकीच्या शिक्षकांच्या फोनवर-कॉम्प्युटरवरही येतो, ते दार लावून घेतात, मुलांना कोपऱ्यात बसवतात. मुलांना ते शिक्षकांकडूनच कळतं, ड्रिलही होत असतातच.

आणि हो, काही ठिकाणी बटण शिक्षकांच्या गळ्यातल्या बॅजवरच असतं. दोन-तीनदा दाबलं तर शाळेतलीच माणसं धावत येतात, दाबतच राहिलं तर अख्खी शाळा लॉकडाऊन, म्हणजे दारं लावून सगळे आतच. रोजच्या वापरात बहुतेक पहिलंच, कुणाला फिट आली, दम लागला, मारामारी झाली वगैरे.

पण बटण आहे म्हणून निर्धास्त राहा असंही मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये तुमच्या लेकीच्याच राज्यात, उवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाला, तिथे अलर्टचं ॲप होतं की. पण वायफाय धड नाही, त्यात मेक्सिकोच्या सीमेजवळचा भाग, पोलिसांच्या पाठलागांमुळे अलर्ट इतके यायचे की लोक ते मनावर घेईनासे झाले होते. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, पोलीस येऊनही ७७ मिनिटं हल्लेखोरापर्यंत पोचले नाहीत. आता तिथे ॲप काय करणार?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून दुसऱ्या स्टेटमध्ये शिफ्ट होतोय. हा कायदा सगळीकडे आहे का? शाळेला काय विचारू?

उत्तर : नाही हो, पूर्ण देशाला मिळून एकच असा कायदा नाहीये. तुमचं न्यू जर्सी पहिलं, २०१९ मध्ये, मग २०२० ला फ्लोरिडा, पुढे टेनेसी वगैरे. जॉर्जियात सप्टेंबर २०२४ मध्ये अपालाची हायस्कूलला गोळीबार झाला, तिथे बटणाचे बॅज जेमतेम आठवडाभर आधी वाटले होते. चार जण गेलेच, पण पोलिसांना तातडीनं कळलं, आणि पुढच्या वर्षी जॉर्जियानंही कायदा केला. नाव एकच असलं तरी आतला मजकूर सारखा नसतो बरं का, न्यूयॉर्कच्या २०२२ च्या कायद्यात शाळांनी अशा सिस्टिमचा विचार करावा एवढंच आहे, बसवायलाच हवी असं नाही.

शाळेला 'बटण आहे का' एवढंच विचारू नका, हो म्हणतील आणि विषय संपेल. मेसेज थेट पोलिसांकडे जातो की आधी ऑफिसमध्ये? मैदानावर, जिममध्ये, बाहेर उभ्या केलेल्या तात्पुरत्या (पोर्टेबल) वर्गात नेटवर्क मिळतं का? शेवटचं टेस्टिंग कधी केलं? आणि मुख्य म्हणजे वर्गावर बदली शिक्षक आला तर त्याला बॅज देतात का, की तो कपाटातच राहतो?